बावीस मिनिटांचा ठावठिकाणा

माणसाच्या एका मिनिटाची किंमत ठरवण्याबद्दल कुणाला पगार मिळत असेल, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मिनिटबाईंच्या सासूबाईंचा तर शेवटपर्यंत बसला नाही. "अगं, पण मिनिट विकतं कोण आणि घेतं कोण?" एवढं विचारून त्या बिचाऱ्या गेल्या, आणि सूनबाई वाहतूक कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली जुनं वेळापत्रक सारून, मिनिटांचे भाव काढतच राहिल्या. मिनिटबाई हे नाव त्यांना कार्यालयानेच दिलं होतं. ते पाठीमागे घ्यायचं असतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि बाईंनीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

काम ऐकायला विचित्र असलं तरी करायला सरळ होतं. नवा पूल बांधायचा म्हटला की खर्च सगळ्यांना दिसतो: सिमेंट, लोखंड, कंत्राटदाराची नवी गाडी. फायदा मात्र दिसत नाही, कारण फायदा म्हणजे वाचलेला वेळ, आणि वेळ काही पोत्यात भरून काट्यावर ठेवता येत नाही. म्हणून बाई थांब्याथांब्यावर लोकांना गाठून विचारायच्या, "एक बस चाळीस रुपयांत तासाभराने पोचवते, दुसरी साठ रुपयांत पन्नास मिनिटांत. कुठल्या बसने जाल?" असे आठ-दहा प्रश्न, असे शेकडो लोक. त्यातून कुणाला घाई किती आणि त्या घाईसाठी खिसा कितपत सैल होतो याचा अंदाज यायचा, आणि शेवटी एक आकडा हाती लागायचा. कामावर जाणाऱ्या माणसाचं मिनिट, दोन रुपये. या दोन रुपयांच्या जोरावर गावाच्या खालच्या अंगाला नदीवर पूल उभा राहिला होता. पूर्वी बस लांबच्या जुन्या पुलावरून वळसा घालून जायची. आता ती बावीस मिनिटं आधी पोचत होती, आणि पाच महिन्यांपूर्वी फीत कापली तेव्हा बाईंना तिसऱ्या रांगेत खुर्चीही मिळाली होती.

पण त्यांचा जीव अडकला होता वरच्या पुलात. नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर, त्यांचं माहेर होतं. तिथे त्यांचे वडील, अण्णा, एकटेच राहायचे. पंचाहत्तरीला आले होते, पण घड्याळदुरुस्तीचं दुकान काही सोडत नव्हते. "इकडे या राहायला" म्हटलं की म्हणायचे, "माझी गिऱ्हाइकं काय पोहत येतील?" तिथे जायचं तर होडीने पंचवीस मिनिटं, नाहीतर दोन बस बदलून रस्त्याने चार तास. बाई दर महिन्याला होडीने जायच्या. एकट्याच. कारण त्यांचा नवरा होडीत पाय ठेवत नसे.

ही गोष्ट लग्नाच्या वर्षातली. जावई पहिल्यांदाच होडीने सासुरवाडीला निघाला, आणि नदीच्या मध्यावर त्याला अशी काही धडकी भरली की तो आधी उभा राहिला, मग होडीच्या तळाशी बसला, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्याने नावाड्याचा पाय सोडला नाही. काठावर बघ्यांची काही कमतरता नव्हती. त्या धडपडीत मनगटावरचं घड्याळ पाण्यात बुडून निघालं. अण्णांनी ते तिथल्या तिथे काढून घेतलं आणि म्हणाले, "करून ठेवतो. या न्यायला." जावई त्या दिवशी रस्त्याने परतला तो पुन्हा फिरकला नाही; मनात बघ्यांची लाज, आणि रस्त्याचे चार तास हे आयतं निमित्त. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

घड्याळ अजून अण्णांकडेच होतं. मुलीच्या हाती ते द्यायचे नाहीत. "ज्याचं मनगट त्याने न्यावं, आणि काउंटरवरून न्यावं. दुकानाचा नियम आहे." अण्णा स्वतः दोनदा मुलीकडे येऊन राहून गेले, पण घड्याळ आणलं नाही. नियम म्हणजे नियम. आणि दुसरं घड्याळ घेणं म्हणजे सासऱ्याचा अपमान, असं जावयाचं म्हणणं. तेव्हा हा माणूस एकोणीस वर्षं मोकळ्या मनगटाने हिंडत होता आणि खिशात फोन असूनही येता-जाता बायकोलाच विचारत होता, "किती वाजले गं?"

वरचा पूल झाला की बसने अर्धा तास. मग काय बिशाद होती नवऱ्याची न यायची! बाईंनी फाइल तयार केली, आकडे मांडले, खर्चापेक्षा फायदा जेमतेम वर निघाला, आणि पैसे मंजूर करणाऱ्या समितीकडून पत्र आलं.

पत्र मुख्य साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं. साहेब स्वभावाने बरे होते, फक्त वाईट बातमी ते नेहमी उभं राहून सांगत. ते उभे राहिले.

"समिती म्हणते, वीस-बावीस मिनिटांचं माणूस काहीच करत नाही. कुठेतरी सांडतो. अशा किरकोळ मिनिटांना पूर्ण भाव लावणं गैर आहे. दर निम्मा करा."

"निम्मा केला तर वरचा पूल हिशेबात बसतच नाही, साहेब."

"म्हणूनच उभा आहे मी," साहेब म्हणाले. "खालचा पूल होऊन पाच महिने झाले. तिथे वाचलेली बावीस मिनिटं गेली कुठे ते शोधा. लोकांनी त्यांचं काही केलं असेल तर दाखवा. पंधरा दिवस आहेत."

बाईंनी नवे अर्ज छापून घेतले. वर एकच ठळक प्रश्न: *वाचलेल्या वेळाचं तुम्ही काय करता?*

मालाचं काम एका दिवसात उरकलं. माल खोटं बोलत नाही. बर्फवाल्याने गाडीचा मागचा दरवाजा उघडूनच दाखवलं. "पूर्वी बारा लाद्या भरायचो, तेव्हा दहा उतरायच्या. आता अकरा भरतो, दहाच उतरतात. एक लादी एकशेदहाची. करा हिशेब." बाईंनी केला. बावीस मिनिटांत एकशेदहा, म्हणजे मिनिटाला चक्क पाच रुपये, आणि तेही थेंबाथेंबाने डोळ्यांदेखत गळणारे. त्यांना त्या बर्फवाल्याचे पाय धरावेसे वाटले.

माणसांनी मात्र रडवलं. एक म्हणाला, "बावीस मिनिटं? मला तर काही वाचल्यासारखं वाटत नाही." दुसरा म्हणाला, "वाचतात ना, म्हणून बावीस मिनिटं उशिरा निघतो." एका बाईने आजूबाजूला पाहून सांगितलं की ती घराच्या अलीकडच्या थांब्यावर उतरते आणि बाकावर नुसती बसते, पण हे सासूला कळता कामा नये. एका काकांनी अर्जात फक्त "बघू" असं लिहिलं. दहाव्या दिवशी बाईंकडे तीनशे अर्ज होते, आणि त्यांतून समितीपुढे ठेवण्यासारखी तीन मिनिटंही निघत नव्हती.

त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज पसरून बसल्या होत्या. दार वाजलं. नवरा आला, शीळ घालतच आला, पिशवी खुंटीला लावली, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "किती वाजले गं?"

"सात दहा," बाई न बघताच म्हणाल्या.

मग त्यांनी बघितलं. खरंच सात दहा झाले होते. आणि मग त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

नवरा नदीपलीकडच्या चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा. सहाला सुटायचा. पूल नव्हता तेव्हा सात दहाला घरी यायचा. आता पूल होऊन पाच महिने झाले, बस तीच, अंतर कमी झालेलं, आणि हा माणूस अजून सात दहालाच घरी! अख्ख्या गावाच्या मिनिटांचा माग काढत ही बाई दहा दिवस उन्हात वणवण फिरली, आणि घरातली बावीस मिनिटं रोज तिच्या नाकासमोरून नाहीशी होत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आज बस उशिरा होती का हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही गं. नेहमीसारखीच." आणि त्याने पान वाढून घेतलं, संपवलं, आणि पुन्हा वाढून घेतलं. आता बाईंच्या लक्षात आलं की अलीकडे तो रोजच पुन्हा वाढून घेतो. रात्री उशीला डोकं टेकलं की घोरतो. आणि शीळ कधीपासून घालायला लागला?

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या टंकलेखिकेला त्यांनी हे सांगितलं ती चूकच झाली. टंकलेखिका म्हणाली, "बाई, भूक, शीळ आणि शांत झोप. मला तर काही ठीक दिसत नाही." आणि मशिनची घंटी जोरात वाजवली. नवऱ्याला सरळ विचारावं, तर तो म्हणेल की तू माझा अर्ज भरून घेतेस काय. आणि अर्जाचा विषय त्यांना काढायचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी, वरच्या पुलाच्या पहिल्या पाहणीच्या वेळी, त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात पहिला अर्ज नवऱ्याच्या नावाने स्वतःच भरला होता. *होडीचं भाडं कमी केलं तर होडीने जाल का?* नाही. *अजून कमी केलं तर?* नाही. *फुकट नेलं तर?* नाही. त्याला न विचारता. उत्तर देणाऱ्याच्या वतीने अर्ज भरू नये, हा नियम त्या गेली कित्येक वर्षं नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत आल्या होत्या.

तेव्हा त्यांनी येतं तेच काम केलं. बसच्या चढ-उताराचे तक्ते मागवले. कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, याची कंडक्टर रोज नोंद करतो. हे तक्ते कुणी वाचत नाही म्हणून ते खरे असतात, असा बाईंचा अनुभव होता.

आणि तिथे ते सापडलं. पूल संपतो तिथे जुन्या धक्क्याचा थांबा आहे. पूर्वी तिथून होड्या सुटायच्या. आता तिथे ना घर ना दुकान. तरी सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा वीसच्या बसमधून तिथे सात माणसं उतरत होती. आणि सहा बेचाळीसच्या बसमध्ये तिथूनच सात माणसं चढत होती. बेचाळीसातून वीस गेले, बावीस. पाच महिने, रोज, सात उतरले, सात चढले.

बाईंनी सहा वीसच्या कंडक्टरला गाठलं. त्याने जीभ चावली.

"तुम्हाला माहीत नाही होय? मला वाटलं, तुम्हीच पाठवता यजमानांना."

"कुठे पाठवते?"

"तुम्ही जाऊनच बघा," कंडक्टर म्हणाला. "मी सांगितलं असं सांगू नका. पण मजा आहे."

मजा हा शब्द बाईंना मुळीच आवडला नाही.

त्या दिवशी कार्यालयातून लवकर निघून त्या सव्वासहालाच धक्क्यावर पोचल्या. हातात अर्जांचा पुठ्ठा होता, कारण पुठ्ठा हातात असला की त्यांना कुठेही उभं राहायचा हक्क आहे असं वाटायचं. धक्क्याच्या जुन्या तिकीटखिडकीमागे त्या उभ्या राहिल्या. सहा वीसला बस आली, सात जण उतरले, आणि सगळे तिकीटघराच्या पलीकडे पळत गेले. हो, पळत! पन्नाशीची माणसं शाळा सुटल्यासारखी पळत होती. त्यांतलं एक टक्कल बाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

मग शिट्टी वाजली.

"कपड्यांना दोन मिनिटं! काल चार लावलीत! चला, चला, चला!"

बाईंनी खिडकीआडून मान काढली. धक्क्याच्या पायऱ्यांवर साठीची एक दणकट बाई, गळ्यात शिट्टी आणि हातात वल्हं घेऊन उभी होती. ही होडीवाली मावशी. तीस वर्षं तिची होडी लोकांना पलीकडे पोचवत होती. पूल झाल्यावर होडी बांधून पडली. तिच्यामागे भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं: *प्रौढांस पोहणे शिकवले जाईल. पुढच्या बसपर्यंत सोडले जाईल.* आणि तिच्यासमोर कमरेएवढ्या पाण्यात सात प्रौढ, दोराला धरून, ओळीने पाय झाडत होते. पाणी तर एवढं उडत होतं की त्यात एखादा सापडला नसता.

"शिंपी, पाय सरळ! कापड कापत नाही आहेस! दाताचे डॉक्टर, तोंड मिटा! टक्कल, शाब्बास, आता दोर सोड. सोड म्हणते ना!"

टकलाने दोर सोडला. ज्याने एकोणीस वर्षांपूर्वी नावाड्याचा पाय सोडला नव्हता, तो हा माणूस. त्याने दोर सोडला, दोन्ही हात पुढे टाकले, आणि गेला. काही डौलात गेला नाही. वाटेत दोनदा वाकडा झाला, फुरफुरला, पण पहिल्या खांबाला हात लावून वळला, दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला, आणि परत येऊन पायऱ्यांजवळ छातीभर पाण्यात हाशहुश करत उभा राहिला. बाईंना कळलंही नाही की त्या तिकीटघराच्या आडोशातून बाहेर येऊन पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर उभ्या आहेत.

आता नवऱ्याचा चष्मा कपड्यांच्या ढिगावर होता, आणि चष्म्यावाचून त्याला खांब आणि माणूस यांत फरक कळत नसे. दिवसभर लोकांच्या नजरा दुरुस्त करणारा हा माणूस पायऱ्यांवरच्या धूसर आकृतीकडे बघून मोठ्या उत्साहाने हसला.

"नवीन का? या, या, लाजू नका! पहिले आठ दिवस नाकात पाणी जातं, मग घरच्यासारखं वाटतं." त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. "किती वाजले हो, बाई?"

"सहा पस्तीस," बाई म्हणाल्या.

तो आवाज ऐकला आणि छातीभर पाण्यात नीट उभा असलेला माणूस बुडाला.

मावशीने त्याला वल्ह्याने वर काढलं. बाकीचे सहा जण दोराला धरून इतके गप्प झाले होते की शिंप्याच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. नवरा पायरीवर बसला, कुणीतरी त्याला चष्मा दिला, तो त्याने ओल्या तोंडावर तसाच लावला, आणि बायकोकडे बघितलं. बायको रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हींतलं आधी काय थांबवावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पाचव्या खांबापर्यंत पोचलो की सांगणार होतो."

"कशासाठी हे सगळं? पूल होणारच आहे ना वरचा! मी करतेय ना!"

"कधी?"

आज मंजुरी मिळाली तरी सहा वर्षं, हे बाईंनाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

"अण्णा पंच्याहत्तरचे झाले," तो म्हणाला. "तू रोज फाइल घेऊन येतेस, जेवतानाही आकडे मोडतेस. मला कळत नाही का कुणासाठी ते? म्हटलं, तू तुझ्या बाजूने पूल बांध, मी माझ्या बाजूने पोहायला लागतो. कुठेतरी गाठ पडेल." मग म्हणाला, "शिवाय माझं घड्याळ आहे तिकडे."

बाईंनी पुठ्ठा पायरीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत त्या ओल्या टकलावरून हात फिरवला. दाताच्या डॉक्टरांनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

"बस चुकेल!" मावशी ओरडली. "प्रेम बसमध्ये!"

बस दिसू लागली तेव्हा कुठे बाईंमधली मिनिटबाई जागी झाली. त्यांनी पुठ्ठा उचलला.

"मावशी, एका दिवसाचे किती घेता?"

"पन्नास. पूर्वी पलीकडे न्यायचे पन्नास घ्यायचे, आता अलीकडे ठेवायचे पन्नास घेते. भाव मोडायचा नाही." मावशीने शिट्टी पुसली. "तुमच्याच पुलाने माझी होडी बांधून ठेवली बरं का. आणि तुमच्याच पुलाने ही गिऱ्हाइकं आणून सोडली. रागवावं की पाया पडावं, मी अजून ठरवलेलं नाही."

बाईंच्या डोक्यात आकडे आपोआप ओळीने उभे राहिले. बावीस मिनिटांना पन्नास. मिनिटाला सव्वादोन रुपयांच्याही वर. त्यांचा दर दोनचा! आणि हे कुणाला "समजा अशी बस असती तर" असं विचारून मिळालेलं उत्तर नव्हतं. ही माणसं रोज, स्वतःच्या खिशातून, रोख मोजत होती. तीनशे अर्जांत जे सापडलं नव्हतं ते इथे कमरेएवढ्या पाण्यात पाय झाडत होतं. बसमध्ये त्यांनी सहाही जणांचे अर्ज भरून घेतले, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने. शिंप्याचा अर्ज इतका ओला झाला की तो घरी चुलीजवळ वाळवावा लागला.

सोमवारी साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला. वाचताना ते खाली बसले होते, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं.

"सातवा माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा नवरा, साहेब. लपवणार नाही. आणि दोन वर्षांपूर्वीचा अर्ज क्रमांक एक, तोही त्याचाच. तो मीच भरला होता. त्याला न विचारता. चुकीचा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "क्रमांक एक रद्द करा. आणि इथे सहाच धरा. नवरा वगळला तर दर बदलतो का?"

"नाही, साहेब. सगळे पन्नासच देतात."

"मग नवरा तुम्हाला ठेवा," साहेब म्हणाले, आणि सही केली.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, समितीचं पत्र आलं. बर्फ आणि पोहणारे, दोन्हींची नोंद घेण्यात आली होती. दर कायम. वरचा पूल पुढच्या टप्प्यात. टंकलेखिकेने ते पत्र तीन प्रतींत टंकलं आणि शेवटी घंटी वाजवली, या वेळी बाईंच्या आनंदासाठी.

घरी बाईंनी सांगितलं, "पूल मंजूर झाला."

"वा! आणि बांधून कधी होणार?"

"सहा वर्षं."

"मग रविवारी होडीने जाऊ," नवरा म्हणाला.

रविवारी मावशीने बांधून पडलेली होडी सोडली, ती वरच्या अंगाला आणली, आणि तिथून स्वतःच त्यांना पलीकडे घेऊन निघाली. भाडं घेतलं नाही. "परीक्षा आहे त्याची," ती म्हणाली, "परीक्षेचे पैसे मी घेत नाही." नवरा फळीवर बसला. चष्मा दोरीने मागे बांधला होता, दोन्ही हातांनी फळी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पण बसला. मध्यावर होडी जराशी डुलली तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पुटपुटला, "तिसरा खांब, चौथा खांब, पाचवा खांब." मिनिटं मोजायची बाईंना जन्माची सवय, पण त्या दिवशी मनगटाकडे बघायची छाती झाली नाही.

ते काम काठावर उभ्या असलेल्या अण्णांनी केलं. "सव्वीस मिनिटं," ते म्हणाले. "एक जास्त लागलं." आणि जावयाने स्वतःच्या पायांनी काठावर उडी मारलेली पाहून त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि बराच वेळ नदीचं काहीतरी पाहत राहिले.

दुकान उघडंच होतं. अण्णा काउंटरच्या मागे गेले, कारण नियम म्हणजे नियम. खालचा खण ओढला. कापडात गुंडाळलेलं घड्याळ निघालं, त्याला दोऱ्याने बांधलेली पिवळी पडलेली चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि एकच शब्द: *जावई*. अण्णांनी ते जावयाच्या कानाशी धरलं. घड्याळ चालू होतं.

"हे चालू कसं?"

"चावी देतो ना रोज सकाळी," अण्णा म्हणाले. "न चालणारं घड्याळ गिऱ्हाइकाला देत नसतो आपण."

मिनिटबाईंच्या डोक्यात, कितीही नको म्हटलं तरी, हिशेब सुरू झाला. रोज एक मिनिट, एकोणीस वर्षं, म्हणजे सहा हजार नऊशे पस्तीस मिनिटं, दोनच्या दराने... इथवर येऊन तो थांबला. त्यांना पुढे जाता येईना. या मिनिटांना कुठलाच दर लावता येईना.

अण्णांनी पट्टा जावयाच्या मनगटाला लावला. पुरला नाही. मनगट एकोणीस वर्षांत भरलं होतं, आणि या पाच महिन्यांत पोहून जरा जास्तच. शेवटच्या भोकापासून पट्टा अर्धं बोट कमी पडत होता. अण्णांनी अरी घेतली, पट्ट्याला नवं भोक पाडलं, आणि घड्याळ बांधलं.

"किती झाले, अण्णा?"

"दुरुस्तीचे तेव्हाचे पंधरा," अण्णा म्हणाले. "आणि भोकाचे काही नाही."

जावयाने पंधरा रुपये मोजून काउंटरवर ठेवले. अण्णांनी पावती फाडली, खाली सही केली, आणि मग काउंटरच्या बाहेर येऊन जावयाला घट्ट धरलं. बाहेर मावशी उगाचच शिट्टी वाजवत होती.

संध्याकाळी होडी परत निघाली. अण्णा काठावर उभे राहून हात हलवत राहिले. या वेळी नवऱ्याने फळी एकाच हाताने धरली होती. दुसरा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता की घड्याळ वर राहावं. बाईंनी हळूच स्वतःच्या बाहीखाली आपलं घड्याळ सरकवून टाकलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती वाजले?"

एकोणीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने चष्मा नीट केला, बाही मागे सारली, मनगट डोळ्यांपाशी आणलं, आणि सगळा वेळ घेऊन बघितलं.

"पाच वाजून एकेचाळीस मिनिटं," तो म्हणाला.

नदीवर गार वारा सुटला होता. मावशी गुणगुणत वल्हं मारत होती आणि पलीकडचा काठ अजून बराच लांब होता. थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा विचारलं.